वाहिलेले की नुसतेच पडलेले? रोमन-केल्टिक देवस्थानांवरील अर्पणांचा पुरावा

प्रश्न असा आहे: ब्रिटन आणि गॉल (म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स) येथील रोमनकालीन देवस्थानांवर मिळालेल्या नाण्यांना, अंगठ्यांना, हाडांना ‘देवाला वाहिलेल्या वस्तू’ म्हणतात ते कशाच्या आधारावर? त्या हरवलेल्या, टाकून दिलेल्या किंवा चोरांच्या भीतीने पुरून ठेवलेल्या नसतील कशावरून? आणि नदीच्या पात्रात सापडलेल्या वस्तूंखाली संग्रहालयाने ‘अर्पण’ अशी पाटी लावली असेल, तर तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा?

थोडक्यात सांगायचे तर एकट्या वस्तूवरून हे कधीच ठरत नाही. तांब्याचे नाणे बाजारात पडले काय आणि कुंडात पडले काय, नाणे तेच. अर्पण ओळखू येते ते निवडीवरून आणि वागणुकीवरून: आसपासच्या वस्तीत जे सरसकट मिळते त्यातून या जागी नेमके काय आणले गेले, आणि आणल्यावर त्याचे काय केले गेले. ही निवड आणि ही वागणूक त्याच जागी पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी दिसली, तर ‘अर्पण’ हा शब्द वापरायला हरकत नाही. ती दिसत नसेल, तर वस्तू कितीही सुंदर असली तरी तो शब्द टाळलेला बरा.

आधी थोडा संदर्भ. सीझरने गॉल जिंकला तो इ.स.पू. ५८ ते ५० या काळात, आणि रोमन सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटनमध्ये पाऊल ठेवले ते इ.स. ४३ मध्ये. केल्टिक भाषा बोलणाऱ्या तिथल्या जमातींची देवस्थाने त्यापूर्वीही होतीच. रोमन सत्तेखाली त्यांतील बरीच चालू राहिली; लाकडी बांधकामाच्या जागी दगडी देऊळ उभे राहिले आणि स्थानिक देवाच्या नावाला रोमन देवाचे नाव जोडले गेले. या देवळांची ठेवण बहुधा ठरलेली असे: मध्ये चौकोनी गाभारा आणि त्याच्या चारही बाजूंनी छपराखालचा प्रदक्षिणापथ. वाचकाला वाटेल की अर्पणे गाभाऱ्यातच सापडत असतील. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा सापडतात आवाराच्या कडेच्या खंदकात, अंगणातल्या खड्ड्यांत आणि झऱ्याच्या गाळात. एकोणिसाव्या शतकातील उत्खनकांनी भिंतींचा माग काढत देवळे उकरली, नाणी आणि मूर्ती उचलल्या, आणि हाडे मातीबरोबर फेकून दिली. त्यामुळे जुन्या नोंदी वाचून ‘इथे लोक नाणीच वाहत असत’ असे म्हणणे धोक्याचे ठरते. तिथे नाणीच काय ती जपली गेली, एवढेच त्यातून कळते.

निवड आणि वागणूक म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते एका रोमनपूर्व स्थळावर, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. उत्तर फ्रान्समधील गुर्ने-सूर-आरोंद येथे १९७७ पासून पुढे काही वर्षे जाँ-लुई ब्रुनो यांनी उत्खनन केले. तिथे इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एक देवस्थान उघडकीस आले: खंदक आणि लाकडी कूड यांनी बंदिस्त केलेले चौकोनी आवार, आणि मधोमध एक मोठा खड्डा. खंदकात दोन हजारांहून अधिक शस्त्रे आणि शस्त्रांचे भाग पडलेले होते. तलवारी वाकवलेल्या, म्यानांवर घाव घातलेले, ढालींवरचे लोखंडी उंचवटे ठेचलेले. लढाईत तलवार वाकते खरी, पण अशी पद्धतशीर वाकत नाही. आणि भंगार करायचे असते तर लोखंड वितळवून पुन्हा वापरले गेले असते, कारण त्या काळी लोखंड स्वस्त नव्हते. ब्रुनो यांनी मांडलेले चित्र असे की ही शस्त्रे आधी बराच काळ उघड्यावर, विजयचिन्हांसारखी मांडून ठेवलेली होती; चामडे आणि लाकूड कुजून ती गळून पडू लागली, तेव्हा ती मुद्दाम मोडून खंदकात टाकली गेली. सीझरने आपल्या वृत्तान्ताच्या सहाव्या भागात लिहिले आहे की गॉलमधील लोक लढाईपूर्वी मिळणारी लूट युद्धदेवाला बोलून ठेवतात, आणि पवित्र जागी रचलेल्या या ढिगांना हात लावायला कोणी धजावत नाही. लेखी साक्ष आणि खंदकातला पुरावा इतके जुळावेत हे आमच्या क्षेत्रात क्वचितच घडते.

शस्त्रांपेक्षाही मला गुर्नेची हाडे अधिक बोलकी वाटतात. तिथल्या गुरांची हाडे बहुतांश म्हाताऱ्या जनावरांची आहेत. मारल्यानंतर त्यांचे मांस कोणी काढून घेतले नाही. अख्खी धडे मधल्या खड्ड्यात कित्येक महिने कुजू दिली, त्यानंतर सांगाडे काढून खंदकात ठेवले आणि कवट्या प्रवेशद्वाराशी मांडल्या. मेंढ्या आणि डुकरे यांची गोष्ट अगदी निराळी. ती कोवळी आहेत, त्यांच्या हाडांवर सुरीच्या खुणा आहेत, म्हणजे ती कापून खाल्ली गेली. एकाच आवारात, एकाच काळात, एक बळी पूर्णपणे जमिनीखालच्या देवाचा आणि दुसरा देवाबरोबर भक्तांनी वाटून खाल्लेला. हा फरक कोणत्याही मूर्तीवरून किंवा शिलालेखावरून कळला नसता. याच जागी पुढे रोमन काळात, मधल्या खड्ड्याच्या स्थानावरच, चौकोनी देऊळ बांधले गेले.

रोमन काळात खऱ्या शस्त्रांचे ढीग मागे पडतात आणि त्यांच्या जागी हातभर नव्हे, बोटभर लांबीचे भाले आणि कुऱ्हाडी दिसू लागतात. अशा प्रतिकृती इंग्लंडमधील वूडईटन आणि यूली या देवस्थानांवर मिळाल्या आहेत. त्यांचा व्यवहारात काहीच उपयोग नाही, हाच त्यांचा पुरावा. पण सगळ्याच वस्तू इतक्या सोप्या नसतात.

यूलीचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. ग्लॉस्टरशरमधील या टेकडीवर मर्क्युरी या रोमन देवाचे देऊळ होते आणि त्याखाली लोहयुगातील देवस्थानाचे अवशेष होते. १९७७ ते १९७९ या काळात झालेल्या उत्खननात हाडे हाती राखण्याचा निर्धार होता, म्हणून हाडांचे दोन लाखांहून अधिक तुकडे जमा झाले. आजूबाजूच्या रोमनकालीन खेड्यांच्या उकिरड्यांत गाय-बैल, मेंढ्या आणि डुकरे यांची मिसळ असते. यूलीत मात्र मेंढ्या-बकऱ्यांचे प्रमाण प्रचंड, त्यातही बकऱ्या उठून दिसाव्यात इतक्या, आणि त्यांच्या जोडीला कोंबड्या. मर्क्युरीच्या मूर्तींत त्याच्या पायाशी जी दोन जनावरे कोरलेली असतात ती बोकड आणि कोंबडा. देवाच्या मूर्तीत जे दिसते तेच त्याच्या अंगणातल्या मातीत, इतक्या मोठ्या संख्येने आणि इतकी वर्षे, मिळाल्यावर हा योगायोग म्हणता येत नाही. मात्र एक लक्षात घ्यावे: एखादे कोंबड्याचे हाड तेवढ्यावरून अर्पण ठरत नाही. खेड्यातले प्रमाण आणि देवळातले प्रमाण यांची तुलना हाच इथला पुरावा आहे, आणि ती तुलना करायची तर देवळाइतकेच काळजीपूर्वक उकिरडेही खणावे लागतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना देवळांचे आकर्षण असते. मी त्यांना आधी एखाद्या साध्या खेड्याच्या कचराखड्ड्यातील हाडे मोजायला लावतो.

हाडांवरून ऋतूही कळतो. मेंढीच्या खालच्या जबड्यात पहिली कायमची दाढ साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वर येते आणि दुसरी नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान. जबडा हातात घेतला आणि पहिली दाढ झिजू लागलेली, तर दुसरी अजून हाडाच्या कप्प्यातच दडलेली दिसली, की ते कोकरू वर्षाच्या आतले होते हे निश्चित. कोकरे जन्मतात वसंतात. तेव्हा असे जबडे मोठ्या संख्येने एका वयाचे निघाले तर कापणी वर्षाच्या एका ठरावीक भागात झाली असणार. एसेक्समधील हार्लो येथील देवळाच्या परिसरात असेच आढळले: वर्षाच्या आतल्या कोकरांची हाडे भरपूर, आणि त्यांच्या वयावरून शरद ऋतूकडे बोट जाते. जत्रेची तिथी सांगणारा एकही शिलालेख तिथे नाही. ती तिथी जबड्यांनी सांगितली.

आता पाण्याकडे वळतो, कारण प्रश्नाचा रोख तिकडे अधिक आहे. इंग्लंडमधील बाथ येथील गरम झरा सुलिस मिनर्व्हा या देवीचा: सुलिस हे स्थानिक नाव, मिनर्व्हा रोमन. सुमारे ४६ अंश सेल्सियसचे पाणी दररोज ११ लाख लिटरहून अधिक प्रमाणात वर येते. रोमन अभियंत्यांनी झऱ्याभोवती ओकच्या खुंट्या ठोकून पाया बळकट केला आणि शिशाच्या पत्र्याचे अस्तर असलेले कुंड बांधले. १९७८ मध्ये या पाण्यातील अमीबामुळे एका मुलीचा मृत्यू झाला आणि स्नान बंद करण्यात आले. त्यानंतरच्या तपासणीच्या काळात, १९७९-८० मध्ये, बॅरी कन्लिफ यांच्या पथकाला झऱ्यावर मध्ययुगात बांधलेल्या स्नानकुंडाच्या तळाखाली उतरून गाळ उपसता आला. तोही संपूर्ण नव्हे, काही भागच. तेवढ्यातून १२ हजारांहून अधिक रोमन नाणी, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची तसेच चांदीची भांडी, अंगठ्यांतील कोरीव खडे आणि सुमारे १३० लेखयुक्त पत्रे बाहेर आले.

हे सगळे चुकून पडले असेल का? कुंड खोल होते, कडेने बांधलेले होते, पुढे त्यावर कमानीचे छप्पर आले. रोमन काळात स्नान करणारे शेजारच्या तलावांत उतरत, या कुंडात नाही. नाणी पहिल्या शतकापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंतची आहेत आणि बहुतांश कमी किमतीची. काही भांड्यांवर देवीच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आहेत. इथे मात्र मी थोडा थबकतो. भांड्यावर देवीचे नाव असणे म्हणजे भांडे देवीच्या मालकीचे, देवळाच्या वापरातले. ते पाण्यात वाहिले गेले, जुने झाले म्हणून विसर्जित केले गेले, की तीर्थ काढताना हातातून निसटले, हे नावावरून कळत नाही. नाण्यांबाबत शंका नाही, भांड्यांबाबत ती ठेवावी, असे माझे मत आहे.

पत्र्यांनी मात्र सगळा विषयच पालटून टाकला. शिसे किंवा शिसे-कथिलाचे हे पातळ पत्रे, त्यांवर टोकदार लेखणीने ओरखडे काढून लिहिलेला मजकूर, मग गुंडाळी किंवा घडी करून, कधी खिळा ठोकून, कुंडात टाकलेले. रॉजर टॉमलिन यांनी बाथच्या पत्र्यांचे वाचन १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. घडी उलगडताना धातू तडकतो, अक्षरे रोमन काळातील घाईच्या चालू हाताची, काही ठिकाणी शब्द मुद्दाम उलटे लिहिलेले. एकेका ओळीसाठी बाजूने तिरका प्रकाश टाकून सावल्या वाचाव्या लागतात. आणि इतक्या खटपटीनंतर समोर येते ते काय? दोसिमेडिसचे दोन हातमोजे हरवले आहेत आणि चोराची बुद्धी व डोळे जावेत असे तो मागतो. दोसिलियानसचा टोपीचा झगा चोरीला गेला आहे. चोर पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, झगा देवळात परत येईपर्यंत देवीने त्याला झोप आणि संतती लाभू देऊ नये. हे गाऱ्हाणे आहे, आणि ते कोर्टकचेरीच्या भाषेत मांडलेले आहे. हस्ताक्षरे जवळजवळ सगळी वेगवेगळी आहेत, म्हणजे देवळात बसलेला कोणी एक लेखनिक सगळ्यांचे लिहून देत नव्हता. लोक स्वतः लिहीत होते. काही पत्र्यांवर तर निव्वळ लिहिल्यासारख्या रेघोट्या आहेत. अक्षर न येणाऱ्यानेही आपले म्हणणे देवीपुढे घातले, एवढाच त्याचा अर्थ लावता येतो.

या पत्र्यांतून अर्पणाची कल्पनाच अधिक गुंतागुंतीची झाली. चोरीला गेलेली वस्तू तक्रारदार बऱ्याचदा देवतेलाच ‘देऊन टाकतो’. वस्तू त्याच्या हातात नाही, पण मालकी हक्क त्याच्याकडे आहे. तो हक्क देवीकडे वर्ग केला की चोर आता माणसाचा नव्हे, देवीचा अपराधी ठरतो. यूलीतील सुमारे १४० पत्र्यांपैकी एकात सॅटर्नायना नावाची स्त्री हरवलेल्या तागाच्या कापडाचा तिसरा हिस्सा देवाला देऊ करते. त्या पत्र्यावर आधी मार्स सिल्वानस हे देवाचे नाव होते आणि त्यावर मर्क्युरी असे लिहिले गेले. लिहिता लिहिता देव बदलला! ‘रोमन देव’ आणि ‘केल्टिक देव’ अशी जी नेटकी विभागणी आपण करतो ती तिच्या मनात तरी नव्हती. ग्लॉस्टरशरमधीलच लिडनी येथील नोडेन्स देवाच्या स्थानी सिल्वियानस याच धर्तीवर लिहितो की त्याची अंगठी हरवली आहे, तिच्या किमतीचा अर्धा हिस्सा त्याने देवाला दिला आहे, आणि ती देवळात परत येईपर्यंत सेनिसियानस नावाच्या कोणालाही आरोग्य लाभू देऊ नये. ही सगळी अर्पणे आहेत, पण अर्पण केलेले कापड, अंगठी किंवा झगा आपल्याला उत्खननात कधीच मिळणार नाही, कारण तो तिथे नव्हताच.

लिडनीचे उत्खनन १९२८-२९ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी केले, जे पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया लंडनमध्ये शिकत असताना व्हीलर यांच्याच मेडन कॅसलच्या उत्खननावर होते, आणि त्या टेकडीच्या किल्ल्यातही चौथ्या शतकातील एक रोमन-केल्टिक देऊळ आहे. दख्खनच्या उत्खननांत थर आणि नोंदी यांची जी शिस्त पुढे रुजली तिचा एक धागा या टेकड्यांवरून येतो, म्हणून हे ओघात सांगितले.

लिडनीत कुत्र्यांच्या लहान कांस्यमूर्ती मिळाल्या. जखम चाटणारा कुत्रा आणि आरोग्यदेवता यांचा संबंध भूमध्य प्रदेशात जुना आहे, त्यामुळे हे आरोग्याचे स्थान मानले जाते. तिथेच मिळालेल्या एका कांस्य हाताची नखे चमच्यासारखी खोलगट घडवलेली आहेत, आणि असा आकार लोहाच्या कमतरतेने नखांना येतो, असे काही वैद्यकतज्ज्ञांनी लक्षात आणून दिले. टेकडीच्या पोटात लोखंडाची जुनी खाण असल्याने तिथल्या लोहयुक्त पाण्याचा गुण येत असावा, अशी कल्पना त्यातून निघाली. ती मोहक आहे. पण एका हाताच्या नखांवर अख्ख्या देवस्थानाचे निदान बांधणे मला पटत नाही.

अवयवांच्या प्रतिकृतींचा खरा साठा फ्रान्समध्ये आहे. सेन नदीच्या उगमाशी सेक्वाना देवीचे स्थान होते. तिची बदकाच्या तोंडाच्या नावेत उभी असलेली कांस्यमूर्ती १९३३ मध्ये मिळाली आणि १९६३ मध्ये पाणथळ मातीतून ओकच्या गाभ्याच्या लाकडात कोरलेल्या मूर्ती, मस्तके, हात-पाय आणि आतल्या अवयवांच्या फळ्या निघाल्या. क्लेरमाँ-फेराँजवळ शामालिएर येथील झऱ्यात १९६८ ते १९७१ या काळात अशा लाकडी वस्तू काही हजारांनी सापडल्या, बहुतांश बीच वृक्षाच्या, त्यांत पाय सर्वाधिक. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहिलेले पाहणाऱ्या वाचकाला अर्थ सांगावा लागणार नाही. तरी एवढी सावधगिरी हवी की पाय म्हणजे दुखणारा पाय असेलच असे नाही. दूरवरून चालत आलेल्याची ती खूणही असू शकते. बाथमध्ये इतके अवयव का नाहीत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. हस्तिदंती स्तनांची एक जोडी तिथे आहे, पण फार काही नाही. गॉलमधला भाविक अवयव घडवून वाही आणि बाथमधला पत्रा लिही. दोन्ही झरे, दोन्हींकडे साकडे, रीत मात्र जागेनुसार निराळी.

लाकूड टिकले ते केवळ पाण्याखाली प्राणवायू नसल्यामुळे. कोरड्या टेकडीवरच्या देवळांतही लाकडी मूर्ती, कापड, धान्य, पोळ्या, फुले, दारू हे सगळे येत असणार, पण तिथे आपल्या हाती राहतात नाणी, हाडे आणि पितळी-कांस्य वस्तू. जे टिकाऊ तेच महत्त्वाचे, असा भ्रम त्यातून होतो. एखाद्या देवळाच्या अहवालात नाण्यांना अर्धे पुस्तक आणि मातीच्या नमुन्यांना दोन पाने दिलेली दिसली की मी तो अहवाल जरा बेतानेच वाचतो.

नाण्यांची आणखी एक फसगत सांगतो. उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीवरील (रोमन सरहद्दीच्या तटावरील) कॅरोब्रफ येथे कोव्हेंटिना देवीची विहीर १८७६ मध्ये जॉन क्लेटन यांनी उघडली. बातमी फुटताच लोकांनी बरीच नाणी लांबवली, तरीही १३ हजारांवर नोंदली गेली, शिवाय वेद्या, आणि सॅटर्नायनस गॅबिनियस याने ‘स्वतःच्या हातांनी’ घडवल्याचे लिहिलेले मातीचे धूपपात्र. नाण्यांत सम्राट अँटोनायनस पायस याची, ब्रिटानियाची (स्त्रीरूपातील ब्रिटनची) बसलेली आकृती असलेली, सन १५५ च्या सुमाराची तांब्याची नाणी तीनशेहून अधिक आहेत. भाविकांनी ब्रिटानियाचे चित्र पाहून ही नाणी मुद्दाम निवडली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ही नाणी ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणात चलनात होती; खिशात जे होते तेच विहिरीत पडले, हे अधिक साधे स्पष्टीकरण आहे. निवड सिद्ध करायची तर आधी त्या प्रांताच्या चलनाचे सरासरी चित्र समोर ठेवावे लागते. जाता जाता: या देवीपुढे वेदी उभारणाऱ्यांत आजच्या नेदरलँड्सच्या प्रदेशातील बटावी पलटणीचा प्रमुखही आहे, तेव्हा ‘केल्टिक’ हे विशेषण भक्तांना लावताना हात आखडता घ्यावा.

पुरून ठेवलेल्या धनाबद्दलचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर पुन्हा वागणुकीतच आहे. बाथमध्येच, झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, बो स्ट्रीट येथे २००७ मध्ये १७,५७७ नाणी मिळाली. ती आठ पिशव्यांत, प्रकारवार लावून, एकत्र ठेवलेली होती. हा मोजून ठेवलेला पैसा आहे; झऱ्यातली नाणी एकेक करून तीनशेहून अधिक वर्षे पडत राहिली. दोन्ही साठे एकाच शहरातले, दोन्ही नाण्यांचेच, आणि कृती पूर्णपणे भिन्न. सॉमरसेटमधील फ्रोम येथे २०१० मध्ये एका मोठ्या मडक्यात ५२,५०३ नाणी सापडली, वजन सुमारे १६० किलो. शोधणाऱ्याने उकरण्याचा मोह टाळून पुरातत्त्वज्ञांना बोलावले, म्हणून ती थराथराने काढता आली. आणि सर्वांत उशिराची, कारॉसियस या बंडखोर सम्राटाची, बहुतेक नाणी मडक्याच्या निम्म्याहून खाली होती असे दिसले. म्हणजे मडके वर्षानुवर्षे भरत गेले नाही. आधी जमिनीत बसवून मग नाणी एकदमच ओतली. इतके जड, पातळ मडके न फोडता वर काढता येत नाही, तेव्हा ते परत घ्यायचे नव्हतेच, म्हणून ते सामुदायिक अर्पण असावे, असे काही नाणकशास्त्रज्ञ मानतात. मला त्यातील पहिला भाग पूर्ण पटतो आणि दुसरा अर्धवट. मडके जमिनीतच ठेवून वरून ओंजळीने नाणी काढून घेणे कोणालाही शक्य होते, आणि मडक्याजवळ देऊळ, वेदी किंवा बळीची हाडे असे काही मिळालेले नाही.

उलट लेस्टरशरमधील हॅलटन येथे देवळाची भिंतच नाही. तिथे उघड्या टेकडीवर, रोमन विजयाच्या सुमारास, पाच हजारांहून अधिक नाणी, एक चांदीचा मुलामा असलेले रोमन घोडदळाचे शिरस्त्राण, वाटेच्या तोंडाशी पुरलेले कुत्रे आणि डुकरांच्या हाडांचे ढीग मिळाले. इमारत नसतानाही मी त्याला निःशंकपणे देवस्थान म्हणतो. हर्टफर्डशरमधील अ‍ॅशवेल येथे २००२ मध्ये सापडलेल्या सोन्या-चांदीच्या पानाच्या आकाराच्या पत्र्यांवर तर लेखच आहेत: आकृती मिनर्व्हाची आणि नाव सेनुना, जी देवी तोवर कोणाला माहीतही नव्हती.

राहिला नदीच्या पात्राचा प्रश्न. ईशान्य इंग्लंडमधील पियर्सब्रिज येथे रोमन रस्ता टीज नदी ओलांडत असे. त्या जुन्या पुलाच्या जागी पाणबुड्यांनी अनेक वर्षे बुड्या मारून हजारो वस्तू वर काढल्या: नाणी, अंगठ्या, वस्त्राला लावायचे ब्रोच, लष्करी साज, मालाच्या गाठींवरील शिशाच्या मोहरा. प्रवासी पूल ओलांडताना नदीला काही वाहत असतील हे अगदी संभवनीय आहे. पण वाहत्या नदीत थर राहत नाहीत, वस्तू कोणत्या क्रमाने पडल्या हे कळत नाही, शेजारी वसाहत होती, आणि वसाहतीचा कचरा नदीत जातोच. गाठींवरच्या मोहरा मला मालवाहतुकीच्या वाटतात, नवसाच्या नव्हे. मुद्दाम वाकवलेली किंवा छिन्नीने कापलेली नाणी, काही लहान मूर्ती आणि अंगठ्यांचे असामान्य प्रमाण यांना मी अर्पणाच्या बाजूला टाकेन. तेव्हा अशा संग्रहाखाली एकच पाटी असेल तर पाटी लिहिणाऱ्याने काम सोपे करून घेतले आहे असे समजावे. संग्रहालयात विचारायचेच झाले तर वस्तूचा अर्थ विचारू नये; ती कोणत्या गाळातून, कशाच्या शेजारी आणि कोणत्या स्थितीत निघाली, आणि त्याच काळातील जवळच्या वस्तीत तशा वस्तू किती मिळतात, हे विचारावे.